देहाची निगा म्हणजे देहाभिमान काय?

आमच्या फुलंब्रीकडील वयस्कर मंडळी पुष्कळदा विचारतात, "बुवा, देह नाशवंत असे तुम्हीच सांगता. मग साठी उलटल्यावर त्याला चालवायचा, वाकवायचा, हा खटाटोप कशाला?"

प्रश्न रास्त आहे. या पक्षास शास्त्राचाही आधार दाखविता येतो. व्यायाम कोणी टाळावा हे सांगताना वाग्भटाने अष्टांगहृदयात वृद्धाचेही नाव घेतले आहे. झाले! आळसाला प्रमाण मिळाले! परंतु तेथे व्यायाम म्हणजे देहाला थकविणारे श्रम. देहाला फार पीडा न होईल असे चालणे, म्हणजे चंक्रमण, सुश्रुताने निराळे काढले. त्याने आयुष्य, बळ आणि बुद्धी वाढते, अग्नी प्रदीप्त होतो, असे फळ सांगितले. म्हाताऱ्याने जोरबैठकांची पैज लावू नये हे खरे. पण खाट धरून बसावे असे कोठे म्हटले आहे?

आजचे वैद्यक याच वाटेने दोन पावले पुढे जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढच्यांना आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली. शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा आणि तीन दिवस तोल सांभाळणारा व्यायाम. कारण न वापरलेला स्नायू झिजतो, आणि तोल गेला की म्हातारपणी हाड मोडते. म्हणून नुसते चालणे पुरे नाही. हात न टेकता उठण्याबसण्याचाही सराव हवा. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांस विचारावे.

कोणी म्हणेल, आम्ही वारी करतो की! आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर; षष्ठीला पैठणची वाट आहेच. उत्तम! पण अकरा महिने ओट्यावर बसून एकदम वाट तुडविली तर गुडघे कुरकुरणारच. वारी म्हणजे पुन्हापुन्हा जाणे. देहाचीही रोजची वारी हवी.

आता मूळ प्रश्न. आरशासाठी देह जपणे हा अभिमान. परंतु आपले पाणी आपण घ्यावे, देवळापर्यंत आपल्या पायांनी जावे, सुनेच्या कमरेवर आपला भार लवकर पडू नये, म्हणून जपणे हा धर्म होय. आणि इतके करूनही एक दिवस पाय थकतीलच. तेव्हा दुसऱ्याचा हात निःसंकोच धरावा. ज्याचे पाय आधीच थकले त्याला कमी लेखू नये. चालता येते तोवर चालणे हे कर्तव्य. न चालता येणे हा दोष नव्हे.