भूमिकंप व घरधन्याचे कर्तव्य



सन २०२४ च्या मार्च व जुलै महिन्यांत हिंगोली, नांदेड व परभणी ह्या भागांत जमीन हादरली. मोठी हानी झाली नाही, ह्याबद्दल आपल्या मंडळ्यांनी देवाचे उपकार मानले, व ते योग्यच होते. परंतु अशा प्रसंगी आपल्या लोकांत जे बोलणे चालते ते विचार करण्याजोगे आहे. एक म्हणतो, "जे व्हावयाचे ते देवाने ठरविलेले आहे, आपण भिंती तपासून काय होणार?" दुसरा म्हणतो, "हा पापाचा दंड आहे. पश्चात्ताप करावा, म्हणजे झाले." तिसरा काहीच बोलत नाही, पण आठ दिवसांत सर्व विसरून जातो. ह्या तिघांपुढेही एकच प्रश्न उभा आहे. येणाऱ्या संकटाची तयारी करणे हे अविश्वासाचे लक्षण आहे, की विश्वासाचे फळ आहे?

प्रथम दंडाविषयी पाहू. हा वाद आपल्या देशात पूर्वी मोठ्या माणसांत झालेला आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भयंकर भूमिकंप होऊन हजारो लोक मेले, तेव्हा महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेला दंड होय असे म्हटले. रवींद्रनाथ ठाकूर हे स्वतः अस्पृश्यतेचे विरोधी. तरी त्यांनी ह्या विचारास जाहीरपणे हरकत घेतली. सृष्टीतील घडामोडींचा संबंध माणसांच्या नीतीशी असा जोडणे बरे नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. अस्पृश्यता हे घोर पाप आहे, ह्यात आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु ज्या झोपड्यांत त्या पापाचा जाच सोसणारे राहत होते, त्याही झोपड्या हादरल्याच की नाही? आपल्या प्रभूपुढेही हा प्रश्न आला होता. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे चिरडली गेली, त्यांचा उल्लेख करून त्याने विचारले की, ती इतर यरुशलेमकरांहून अधिक पापी होती काय? आणि त्याने स्वतःच नाही म्हणून सांगितले. त्याने मेलेल्यांची पापे मोजली नाहीत. जे जिवंत होते त्यांस जागे केले. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील हा धडा आपण नीट मनात धरला, तर शेजारच्या गावावर आपत्ती आली असता त्यांच्या पापांचा हिशोब करण्यास आपली जीभ धजणार नाही.

आता किल्लारीकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत धरणी हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून थकलेली माणसे घरोघर निजली होती. सरकारी नोंदीप्रमाणे जवळजवळ आठ हजार जीव गेले. त्या काळच्या भूकंपाच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. पुढे २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा तो पहिला पट्टाच काढून टाकण्यात आला. आदल्या वर्षी, १९९२ साली, त्या भागात लहान धक्के बसले होते. परंतु घरे होती तशीच राहिली.

ही माणसे कशाने मेली? त्या भूमिकंपाचे मान ६.२ च्या आसपास होते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या दाट वस्तीच्या भागात १७ ऑक्टोबर १९८९ रोजी ६.९ मानाचा, म्हणजे ह्याहून कितीतरी पटींनी अधिक जोराचा भूमिकंप झाला. तेथे ६३ माणसे मेली. एवढा फरक बहुतेक करून घरांच्या बांधणीमुळे पडला. किल्लारीकडील घरांच्या भिंती दोन-दोन हात जाड होत्या. पण आतला थर वेगळा, बाहेरचा थर वेगळा, मध्ये गोटे व माती भरलेली, आणि दोन्ही थरांस धरून ठेवणारा आरपार दगड कोठेच नाही. वर माळवद; ते गळू नये म्हणून वर्षानुवर्षे त्यावर नवी माती घातलेली, पण जुनी कधी काढलेली नाही. धक्का बसताच भिंतींचे थर सुटले, दगडमातीचा ढीग झाला, आणि निजलेली माणसे त्याखाली गेली. गवताच्या किंवा पत्र्याच्या हलक्या छपराखाली जे गरीब निजले होते, त्यांतील पुष्कळ जण वाचले. जाड भिंत ही ऐपतीची व सुरक्षिततेची खूण असे लोक समजत होते. तीच भिंत त्यांच्यावर कोसळली.

तेव्हा भूमिकंप आमच्या हाती नाही, परंतु भिंत आमच्या हाती आहे. आणि जे आमच्या हाती आहे त्याबद्दल देव आम्हांस जाब विचारील. मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, एक लहानशी आज्ञा आहे. जो नवे घर बांधतो त्याने धाब्यास कठडा करावा. नाहीतर कोणी वरून पडून मेला तर त्या रक्ताचा दोष त्या घराला लागेल. ह्या आज्ञेचा विचार करावा. पडणारा मनुष्य कदाचित आपल्याच बेसावधपणाने पडेल. त्याची घटका भरली होती असेही कोणी म्हणेल. तरी देव घरधन्यास विचारतो की, तू कठडा का केला नाहीस? आपल्या छपराखाली जो निजतो, मग तो पोर असो, पाहुणा असो की भाडेकरू असो, त्याच्या जिवाची जोखीम घरधन्यावर आहे. ज्या घरास आरपार दगड नाही ते घर कठड्यावाचूनच्या धाब्यासारखे आहे, असे आम्हांस वाटते.

"मग देवावर भरवसा कोठे राहिला?" असे कोणी विचारील. सैतानाने प्रभूस मंदिराच्या शिखरावर नेले आणि उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सांगितले. ते बोलणे वरून भरवशाचे दिसत होते, आणि त्यास शास्त्राचा आधारही जोडला होता. परंतु ती देवाची परीक्षा पाहणे होय, हे ओळखून प्रभूने उडी टाकली नाही. धोका माहीत असून भेगा पडलेल्या भिंतीखाली लेकरे निजविणे आणि त्यास विश्वास म्हणणे, हे त्या उडीच्या जवळचेच आहे. नोहाने तारू बांधले ते देवावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे, तर विश्वास होता म्हणून. सर्व काही करूनही आपण मरू शकतो, हे खरे आहे. तेव्हा आपला आसरा देवच आहे. परंतु आळसास भरवशाचे नाव देण्याची मुभा त्याने आम्हांस दिलेली नाही.

दुसरी हरकत गरिबीची आहे, आणि ती खरी आहे. नवे घर बांधण्याची ऐपत थोड्यांचीच असते. जो कोणी बांधत असेल त्याने गवंड्यास सांगून दगडी भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड घालवावे, कोपरे नीट सांधवावे, आणि दारांच्या चौकटींच्या वर सर्व भिंतींवरून फिरणारा सळईचा व सिमेंटचा अखंड पट्टा करवावा. ज्यास एवढे शक्य नाही त्यानेही जाणत्या गवंड्यास विचारून माळवदावरील जादा माती उतरवावी, तुळई व खांब ह्यांचे सांधे पक्के करावे, आणि फुगलेल्या भिंतीपासून अंथरुणे दूर न्यावी. निजण्याच्या जागेवरील फळीवर हंडे, पाटे किंवा लोखंडी पेट्या ठेवू नयेत. ह्यास पैसा थोडा लागतो, लक्ष अधिक लागते. रात्री दाराच्या वाटेत काही पसरू नये. बॅटरी व पायताण उशाशी असावे. गॅसचा व विजेचा मुख्य खटका बंद करण्यास घरातील प्रत्येक मोठ्या माणसास यावे. धक्का बसला असता, दगडमातीच्या घरात दार अगदी जवळ असेल तर चटकन मोकळ्यावर यावे. सळईच्या पक्क्या इमारतीत असल्यास पळापळ न करता मजबूत टेबलाखाली डोके झाकून बसावे व हादरा थांबल्यावर बाहेर पडावे. मग पुनः पुनः धक्के येतात, म्हणून तडे गेलेल्या घरात वस्तू आणावयास जाऊ नये.

परंतु एकट्या कुटुंबाची तयारी पुरत नाही. सरकारची मदत यावयास वेळ लागतो. पहिल्या काही घटकांत ढिगाऱ्याखालून काढतात ते शेजारीच. म्हणून प्रत्येक मंडळीच्या वडिलांनी एक यादी करावी, असे आम्ही सुचवितो. कोणत्या घरात कोण कोठे निजते, अंथरुणास खिळलेले कोण, अंध कोण, बाळंतीण कोण, हे तीत असावे. दिवाळीच्या सुमारास आपल्यातील किती कुटुंबे ऊसतोडीस जातात, आणि मागे म्हातारे व शाळकरी पोरे राहतात! त्या घरांची नावे यादीत प्रथम लिहावी, आणि प्रत्येक नावापुढे त्यांस हाक मारावयास जाणाऱ्या तरुणाचे नाव लिहावे. पहार, फावडे, दोर व पिण्याचे पाणी कोठे ठेवले आहे हे सर्वांस ठाऊक असावे. जमण्याचे मोकळे ठिकाण आधीच ठरवावे. जपानात १९२३ सालच्या १ सप्टेंबरच्या भूमिकंपाची आठवण म्हणून दर वर्षी त्या दिवशी लोक असा सराव करितात. आपल्या शब्बाथशाळेस वर्षातून एक तास देणे जड आहे काय?

उपासनामंदिराचीही पाहणी करावी. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहरात देवळे भक्तांनी भरली असता ती त्यांच्यावरच कोसळली. प्रार्थनेची जागा आहे एवढ्यावरून भिंत टिकत नाही. आणि ती यादी केवळ ख्रिस्ती घरांची असू नये. चांगल्या शोमरोन्याने वाटेवर पडलेल्यास त्याचा पंथ विचारला नाही.

फिलिप्पै येथील तुरुंग भूमिकंपाने हादरला तेव्हा सर्व दारे उघडली. त्या अंधारात पौलाने स्वतःची सुटका पाहिली नाही. बंदिशाळेचा अधिकारी आपला जीव घेऊ पाहत होता, त्यास मोठ्याने हाक मारून सांगितले की आम्ही सर्व येथेच आहो. त्या एका हाकेने एक जीव व त्यामागून एक घराणे वाचले. आपल्या गावावर तशी रात्र न येवो, अशी आम्ही प्रार्थना करितो. पण आलीच, तर कोणी कोणास हाक मारावी हे त्या रात्री ठरविता येणार नाही. ह्या रविवारी उपासना संपल्यावर वडिलांनी घटकाभर बसावे व यादीस आरंभ करावा.