सोयीप्रमाणे लहान, सोयीप्रमाणे मोठी

परभणी जिल्ह्यात सोळा वर्षांची मुलगी लहान की मोठी, हे विचारणाऱ्याच्या गरजेवर ठरतं. जिंतूरला कॉलेजसाठी एस.टी.नं एकटी जाते म्हणाली की ती लहान असते. स्थळ सांगून आलं की ‘आता काय लहान आहे का ती?’ पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) या जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 48 टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा 21.9 टक्के. कारणं सगळ्यांना पाठ आहेत: ऊसतोड, हुंडा, शाळेचं अंतर. आणि एक हळू आवाजात सांगितलं जाणारं, ‘वय वाईट असतं, पोरगी काहीतरी करून बसेल.’ हे शेवटचं कारण म्हणजे खरं तर मेंदूबद्दल केलेलं विधान आहे, म्हणून ते तपासायला हवं.

मनाला आवर घालण्याची क्षमता कशी वाढते, हे पाहण्याची एक साधी चाचणी आहे. पडद्यावर एका बाजूला ठिपका चमकतो. तिकडे बघायचं नाही, बरोबर उलट्या बाजूला बघायचं. डोळे आपसूक ठिपक्याकडे धावतात. आठ वर्षांचं मूल पुष्कळदा चुकतं, पण चुकल्याचं त्याला लगेच कळतं आणि ते नजर दुसरीकडे वळवतं. म्हणजे नियम समजलेला असतो, तो दर वेळी पाळणं जमत नसतं. पिट्सबर्गच्या बिआट्रिझ लुना यांनी अशा चाचण्यांवर अनेक वर्षं काम केलं आहे. 8 ते 35 वयाच्या दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून त्यांच्या गटानं 2023 मध्ये निष्कर्ष मांडला: दहा ते पंधरा या वयात ही क्षमता झपाट्यानं वाढते, मग वेग मंदावतो आणि 18 ते 20 च्या दरम्यान ती प्रौढांच्या पातळीला स्थिरावते. कपाळामागच्या भागात आणि त्याच्या जोडण्यांमध्ये बदल पुढेही होत राहतात, पण ‘पंचविशीपर्यंत मेंदू कच्चाच’ हे व्हॉट्सॲपवरचं ज्ञान याच्याशी जुळत नाही. आपल्याकडे तर ते मुलींना गप्प बसवायलाच वापरलं जाईल.

मग वसमत रोडवर ट्रिपल सीट सुसाट जाणाऱ्या पोरांचं काय? तोच पोरगा एकटा असला की गतिरोधक दिसताच ब्रेक दाबतो. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये गाडी चालवण्याच्या खेळातून हेच दाखवलं. मित्र सोबत असताना 13 ते 16 वयाची मुलं एकटं असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत होती. चोविशीपुढच्यांत तसा फरक पडला नाही. 2019 मध्ये भारतासह अकरा देशांतल्या अभ्यासातूनही असंच दिसलं: शांतपणे विचार करण्याची कुवत सोळाच्या सुमारास प्रौढांइतकी होते, भावनेच्या भरात स्वतःला थोपवणं त्यानंतर जमू लागतं.

म्हणजे प्रश्न वयाइतकाच प्रसंगाचाही आहे. वेळ दिला, माहिती दिली, डोळे वटारणारं कुणी समोर नसलं, तर सोळाची मुलगी स्वतःचं बरंवाईट तोलू शकते. आपण मात्र साखरपुड्याचं आवतण देतो आणि त्याच मांडवात संध्याकाळी लग्न उरकतो. भावकी बसलेली, स्वयंपाक झालेला, आणि तिला सगळ्यांदेखत विचारायचं, ‘पसंत आहे ना?’ या वयात जो निर्णय सर्वांत अवघड, नेमका तोच तिच्याकडून घेतला जातो. पुन्हा भीती दोघांच्याही वयाची असली, तरी मुलाला मोटारसायकल मिळते आणि मुलीला नवरा.

‘आमच्या आज्या तेराव्या वर्षी संसार करत होत्या,’ हे उत्तर ठरलेलं. करत होत्या, हे खरंच. पण निवडायला त्यांना काय मिळालं होतं? आवर सरावानं येतो आणि सरावासाठी छोटे, निस्तरता येण्यासारखे निर्णय हाती यावे लागतात: कुठला विषय घ्यायचा, शिष्यवृत्तीचे पैसे कशाला वापरायचे. नुसतं सांगितलेलं काम करण्यात तो सराव होत नाही.

कायद्याला हे थोडंसं उमगलेलं दिसतं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात अल्पवयात लग्न झालेल्या व्यक्तीला ते रद्द करून मागता येतं, सज्ञान झाल्यावरही दोन वर्षांपर्यंत. मुलीसाठी म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत. लुना यांच्या आलेखातली रेषा जिथे सपाट होते, ते हेच वय. पण हे कलम सोनपेठ-पालमच्या तांड्यांवर तिला सांगणार कोण? सासर तर नाहीच, आणि माहेरानं तर लग्न लावलेलं.