पायी चालणाऱ्यांचा रस्ता

सकाळी सहा-साडेसहाला मालवणात दोन प्रकारची माणसं चालताना दिसतात. काही जण तब्येतीसाठी निघालेले असतात, पायांत बूट घालून समुद्राकडे. बाकीचे पोटासाठी निघालेले. मासळीची टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी बाई, एस.टी.च्या वेळेला धावणारा कामगार, दप्तराच्या ओझ्याने वाकलेली मुलं. चालण्याचा आणि आरोग्याचा विषय निघाला की आपल्याला पहिलीच माणसं आठवतात. मला आज दुसऱ्यांविषयी बोलायचं आहे.

आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालण्यासारखा मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मासळी विकणाऱ्या बाईचं तेवढं चालणं दोन-तीन दिवसांतच होत असेल. पण ती चालते कुठून? बाजारपेठेच्या चिंचोळ्या रस्त्यावरून, एका अंगाला पर्यटकांच्या गाड्या आणि दुसऱ्या अंगाला गटार. डोक्यावर ओझं असलं की मान खाली घालून फुटकी लादी बघता येत नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, आणि त्यांत जवळजवळ दर पाचांतला एक जण पायी चालणारा होता.

त्यात आपला पाऊस. लेप्टोचा ताप म्हणजे काय, हे सिंधुदुर्गात शेतकऱ्याच्या घरी समजावून सांगावं लागत नाही. उंदरांच्या, गुरांच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायावरच्या एवढ्याशा चिरेतून अंगात शिरतात. लावणीच्या दिवसांत चिखल टळणार नाही, तिथे गोळ्या आणि काळजी हाच उपाय. बाजाराच्या रस्त्यावर मात्र ते पाणी साचायलाच नको. कचरा पडला की उंदीर येतात, कचऱ्याने गटार तुंबलं की पाणी रस्त्यावर येतं, आणि त्या पाण्यातून गाडीवाला जात नाही, चालणाराच जातो.

म्हणून वेंगुर्ल्यात झालेलं काम मला पायी चालणाऱ्यांचंही काम वाटतं. बारा हजारांच्या आसपास वस्तीची ही नगरपरिषद, हातात पैसा बेताचाच. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथे घरोघरी कचरा वेगळा करण्याची शिस्त लागली. ओल्या कचऱ्यातून बायोगॅस झाला, प्लॅस्टिक रस्त्याच्या डांबरात गेलं, आणि जिथून लोक नाक दाबून जात तो कचरा डेपो बघायला बाहेरगावची माणसं येऊ लागली. मोठ्या शहरांना कोटींच्या योजनांतून जे साधत नाही, ते इथे रोजच्या नेटाने साधलं.

रस्ता स्वच्छ झाला तरी चालायला जागा हवीच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क घटनेच्या २१व्या कलमात, म्हणजे जगण्याच्या हक्कातच येतो, असं स्पष्ट केलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. मालवणच्या जुन्या बाजारात दोन्ही बाजूंना एवढी जागा निघणं अवघड, आणि त्यासाठी कुणाचं घर पाडावं असं मी म्हणणार नाही. गटारावर सलग, न हलणाऱ्या लाद्या तर बसवता येतील. त्यांच्यावर दुचाकी आणि दुकानाचे फलक येऊ द्यायचे नाहीत, एवढं तर पाळता येईल.

आणि आपल्या पाणंदी! दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, वर माडा-फणसाची सावली, दोन माणसं सहज चालतील एवढी वाट. वाडीतून शाळेत, देवळात, बाजारात पोरांना एकटं सोडता येई ते या वाटांमुळे. त्या रुंद करून गाडी घालण्याची घाई आज सगळीकडे दिसते. दारापर्यंत रुग्णवाहिका यायला हवी, हे मला मान्य आहे. पण जिथे दुसरा रस्ता आहे तिथे तरी पाणंद पायांसाठी राहू द्यावी. पडलेला गडगा पुन्हा रचावा, एक दिवा लावावा, शेवाळ खरवडून काढावं.

चतुर्थीला मुंबईकर आले की बाजारपेठेत गाडी अडकून पडते आणि सगळं गाव पायीच फिरतं. यंदा त्या चार-पाच दिवसांत सकाळी ठरावीक वेळ तो रस्ता चारचाकींना बंद ठेवून पाहावा. दुकानदारांशी आधी बोलून घ्यावं, माल उतरवायला पहाटेची वेळ द्यावी. गल्ला वाढतो की घटतो, हे त्यांना त्याच संध्याकाळी कळेल.