परतीचे टपाल

दान घेणाऱ्याचेही काही कर्तव्य असते काय? हा प्रश्न आमच्यापुढे उभा केला द्वारका परिसरातील एका बागप्रेमी गृहस्थांनी. परदेशातील एका अनोळखी माणसाकडे फुलांचे बी मागणारे पत्र त्यांनी आम्हांस दाखवले. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, भारतीय तिकिटे लावलेले पाकीट होते. हेतू निर्मळ, परंतु आपले तिकीट सीमेपलीकडे चालत नाही. परतीचा खर्च देणाऱ्याच्याच माथी बसला असता.

ही अडचण जुनी आहे. १९०६ साली रोम येथे भरलेल्या जागतिक टपाल परिषदेने तिच्यावर उत्तर-कूपनाचा तोडगा काढला. मागणाऱ्याने ते आपल्या देशात विकत घ्यायचे, देणाऱ्याने आपल्या देशात त्याच्या बदल्यात तिकिटे घ्यायची. दुसऱ्याचे औदार्य गृहीत धरणे हाही एक सूक्ष्म अन्यायच, हे त्यामागचे शहाणपण.

खर्च एवढाच नाही. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परदेशी बियाण्यास आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. हे टाळून बी गुपचूप मागवले, तर सोबत आलेल्या रोगाची किंमत शेजारचा शेतकरी मोजतो.

टपालखर्च हे ऋण आहे. ते मागणाऱ्यानेच फेडावे. बी हे मात्र दान. ते पैशाने फिटत नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे बियाणे देताना दुप्पट परत मागतात, ते पुढच्या शेतकऱ्याला मिळावे म्हणून. त्या गृहस्थांना आम्ही एवढेच म्हणालो, "खर्च आणि परवाना आधी पाठवा. फुले आली की बी शेजाऱ्याला द्या."