न आवडणाऱ्या माणसासाठी

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात लिझ्यू नावाचं गाव आहे. तिथल्या कार्मेल मठात १८८८ साली पंधरा वर्षांची तेरेझ मार्टिन दाखल झाली. मठात जेमतेम वीस-पंचवीस जणी. एकदा आत गेलं की पुन्हा बाहेर पडणं नाही. रोजचं जेवण, प्रार्थना, धुणं सगळं त्याच चेहऱ्यांच्या सोबतीने, आणि शेवटचा श्वासही त्यांच्यातच. त्या मठातल्या एका भगिनीचं वागणं, बोलणं, स्वभाव यांतलं काहीच तेरेझला सोसत नसे. त्या भगिनीचा मोठासा अपराध तेरेझने कुठेही नोंदवलेला नाही. ती समोर आली तरी नकोसं होई, इतकंच.

१८९७ च्या उन्हाळ्यात, क्षयाने खंगत असताना, मठप्रमुखांच्या सांगण्यावरून तेरेझने आठवणी लिहिल्या. त्यांत ही नावड तिने लपवलेली नाही. या नावडीचं आपण काय केलं, तेही तिने सांगून ठेवलं आहे. ती भगिनी दिसली की दर वेळी तेरेझ तिच्यासाठी प्रार्थना करी. तिच्यात जे जे चांगलं आहे ते देवापुढे ठेवी. तिचं पडेल ते काम करी. टोचणारं उत्तर ओठांवर आलं की हसून विषय बदली, आणि अगदीच आवरेनासं झालं तर तिथून चक्क पळ काढी. एके दिवशी त्या भगिनीनेच खुशीत येऊन तिला विचारलं, की माझ्यात तुला एवढं काय आवडतं? तेरेझने सांगितलं, की तुम्हाला पाहून मला आनंद होतो. हा आनंद आध्यात्मिक अर्थाने होता, हे मात्र तिने मनातच ठेवलं. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला, वयाच्या चोविसाव्या वर्षी ती वारली. १९२५ साली चर्चने तिला संतपद दिलं.

ख्रिस्ती प्रेमाविषयी बोलताना हा मठातला प्रसंग मला फार मोलाचा वाटतो, कारण तो आपल्या मापाचा आहे. शत्रूवर प्रेम करा, ही येशूची आज्ञा ऐकताना आपण नकळत निर्धास्त होतो. आपल्याला कुठे कोणी शत्रू आहे, असं वाटतं. पण बांधावरून बोलणं टाकलेला चुलतभाऊ असतो. प्रत्येक बैठकीत आपलं म्हणणं तोडणारा सहकारी असतो. आजारी आईचा खर्च वाटून घ्यायची वेळ आली की फोन न उचलणारी बहीण असते. यांना आपण शत्रू म्हणत नाही, आणि त्यामुळे त्या आज्ञेच्या कक्षेतही आणत नाही.

गिरिप्रवचनात येशूने शत्रूंवर प्रेम करायला सांगितलं आणि त्याच दमात छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितली. ऐकणारे लोक रोमन सत्तेखाली राहत होते. त्यांतल्या कोणालाही परका शिपाई आपलं ओझं उचलायला लावू शकत होता. अशा लोकांना मनात माया उत्पन्न करा असं सांगून भागलं नसतं. येशूने त्यांना हाती घेता येईल असं काम दिलं, आणि त्याला आधार दिला तो सूर्याचा आणि पावसाचा, जे भल्या-बुऱ्यांत भेद न करता सगळ्यांना मिळतात. प्रेमाची भावना हुकमावर येत नाही. प्रार्थना मात्र ठरवून करता येते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. मनात राग असताना ओठांवर आशीर्वाद आणणं हा ढोंगीपणा नव्हे का? मला तसं वाटत नाही. ढोंगी माणूस आपल्या फायद्यासाठी चांगुलपणा दाखवतो आणि मनातलं देवापासूनही दडवतो. प्रार्थनेत दडवायचं काहीच नसतं. स्तोत्रसंहितेतले भक्त देवापुढे चिडतात, गाऱ्हाणी घालतात, आणखी किती काळ हे सोसायचं असं विचारतात. हा माणूस मला सहन होत नाही, हे देवाला सांगूनच त्याच्यासाठीची प्रार्थना सुरू होऊ शकते. तेरेझची नावड विरून गेली, असं ती कुठे म्हणत नाही. त्या नावडीच्या हाती तिने आपलं वागणं दिलं नाही, एवढंच तिच्या लिहिण्यातून दिसतं. मला ते पुरेसं वाटतं.

मग अशा माणसासाठी मागायचं काय? आपल्याकडे पहिलं मागणं ठरलेलं असतं: देवा, त्याला सुबुद्धी दे. ऐकायला ते सात्त्विक वाटतं, पण बहुतेक वेळा त्यात आपला निकाल आधीच लागलेला असतो. चूक त्याची, शहाणपण आपलं. आता देवाने फक्त अंमलबजावणी करायची. अशा प्रार्थनेतून आपण उठतो ते आणखी थोडे ताठ होऊन. त्याला सुधारण्याआधी त्याचं भलं मागावं. त्याची गुडघेदुखी थांबो, त्याच्या मुलीला नोकरी लागो, त्याला रात्री शांत झोप लागो. हे मागायचं तर त्याचे गुडघे दुखतात हे आपल्याला ठाऊक असावं लागतं, म्हणजे त्याच्याकडे निदान एकदा नीट पाहावं लागतं. कित्येकदा प्रेमाची सुरुवात या पाहण्यातच होते.

बायबलमधल्या ईयोबाची गोष्ट सहनशीलतेसाठी सांगितली जाते, पण तिचा शेवट या दृष्टीने क्वचित वाचला जातो. मुलंबाळं, संपत्ती, आरोग्य सगळं गेलेल्या ईयोबाला भेटायला तीन मित्र आले: अलीफज, बिल्दद आणि सोफर. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर मूक बसले. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. नंतर ते बोलू लागले आणि तुझ्या हातून पाप घडलं असलंच पाहिजे, हे त्यांनी पुनःपुन्हा त्याच्या गळी उतरवायचा प्रयत्न केला. दुःखात असलेल्या माणसाला देवाचं नाव घेऊन टोचणारी ही माणसं. अखेरच्या अध्यायात देव त्यांच्यावर रागावतो आणि त्यांना ईयोबाकडेच पाठवतो: तुमच्यासाठी तो प्रार्थना करील. ईयोबाने ती केली. त्याने मित्रांसाठी प्रार्थना केल्यावर देवाने त्याची दशा पालटली, असं तिथे लिहिलं आहे. मित्रांनी आधी ईयोबाची समजूत काढली, मग त्याने प्रार्थना केली, असा क्रम तिथे नाही. ज्यांनी त्याला आरोपी ठरवलं होतं, त्यांचाच वकील होऊन तो देवापुढे उभा राहिला.

डीट्रिख बोनहॉफर या जर्मन पाळकाने हिटलरच्या काळात फिंकनवाल्ड इथे तरुण पाळकांची एक शाळा चालवली. १९३७ मध्ये गेस्टापोने ती बंद केली. तिथल्या सहजीवनाच्या अनुभवावर त्यांनी लिहिलेलं पुस्तक १९३९ साली प्रसिद्ध झालं. त्यांचा एक विचार मनात ठसतो: ज्या बांधवासाठी मी देवाजवळ रदबदली करतो, त्याचा द्वेष करत राहणं मला जमत नाही, त्याने कितीही त्रास दिलेला असला तरी. बाहेर एवढं मोठं संकट उभं असताना, एका छताखाली राहणाऱ्यांची एकमेकांविषयीची चीड त्यांना दुर्लक्ष करण्याजोगी वाटली नाही.

ही वाट किती दूर जाऊ शकते, याचं उदाहरण आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. भगिनी राणी मारिया या गरीब शेतमजुरांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी झटत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसप्रवासात समंदर सिंह याने त्यांची हत्या केली. त्याला शिक्षा झाली. २००२ साली राणी मारियांची सख्खी बहीण, भगिनी सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने समंदर सिंहच्या हाताला राखी बांधली. पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेला पाठिंबा दिला आणि २००६ मध्ये तो बाहेर आला. तिथवर जाण्याचं बळ प्रत्येकाला मिळेल असं नाही, आणि दुसऱ्याकडे ते मागण्याचा हक्कही कोणाला नाही.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. समंदर सिंहला क्षमा मिळाली, पण त्याआधी खटला चालला आणि तुरुंगही झाला. मारहाण करणाऱ्या नवऱ्यासाठी प्रार्थना कर आणि निमूट परत जा, असा सल्ला जर कोणी धर्माच्या नावाने देत असेल, तर तो ख्रिस्ताच्या प्रेमाचा विपर्यास आहे. पोलिसांत तक्रार करावी, सुरक्षित जागी जावं, अंतर ठेवावं. प्रार्थना दूर राहूनही होते. अन्यायाला अन्याय म्हणणं आणि अन्याय करणाऱ्याचं अखेर भलं व्हावं असं मागणं, ही दोन्ही कामं एकाच माणसाला करता येतात. साध्या चिडचिडीच्या प्रसंगीही तेरेझने निघून जाण्याची मुभा स्वतःला दिली होती.

ज्यांचा त्रास जिवावर बेतणारा नाही, फक्त रोजचा आहे, अशा माणसांपासून आपण सुरुवात करू शकतो. या आठवड्यात एकच नाव निवडावं. आपल्या घरासाठी जे मागतो, तेच त्या नावाने मागावं. मग प्रार्थनेला जोडून एखादं लहानसं काम करावं: न बोलणाऱ्याला सणाला फोन, सहकाऱ्याच्या चांगल्या कामाचा चारचौघांत उल्लेख. नुसते शब्द देवाकडे पाठवून आपण मोकळे झालो, तर ती प्रार्थना अर्धीच राहिली.

तो माणूस बदलेल याची हमी नाही. कदाचित चुलतभाऊ बांधाचा वाद सोडणार नाही, फोनही उचलणार नाही. तरीही ही प्रार्थना वाया गेली असं मी म्हणणार नाही. जे आपण मुलांसाठी मागतो ते त्याच्यासाठी मागायला लागलो, की तोही आपल्यासारखाच देवाच्या दयेवर जगणारा माणूस आहे, हे मान्य करावं लागतं. ते एकदा मान्य झालं, की त्याच्याशी वाद घालता येतो, त्याला नाही म्हणता येतं, वेळ आली तर कोर्टातही उभं राहता येतं. त्याचं वाईट चिंतणं मात्र अवघड होत जातं. येशूने सांगितलेलं प्रेम आपल्या घरात आणि गावात याच वाटेने येईल, असा माझा विश्वास आहे.