कुऱ्हाडीपूर्वीचा प्रश्न

गेल्या ज्येष्ठातली गोष्ट. आमच्या परसातील आंब्याची एक थोर फांदी शेजाऱ्यांच्या कौलांवर झुकली होती. पाऊस तोंडावर आलेला. वादळात ती मोडली तर कौलांचा चुरा व्हायचा, म्हणून झाडे तोडणाऱ्या एका वृद्ध गृहस्थास मी बोलावून आणले. त्याने कोयत्याला हातही लावला नाही. एकवार वर पाहून तो म्हणाला, "साहेब, परवानगीचा कागद काढलाय का?"

नीतिशास्त्र शिकवण्यात ज्याची उमेद सरली त्याला हा प्रश्न दुसऱ्याने विचारावा लागला, याची लाज वाटायला हवी होती. परंतु मला प्रथम आला तो राग. झाड माझे, जमीन माझी, रोप लावले माझ्या आजोबांनी. मग विचारायचे कोणाला आणि का? हा राग पुष्कळ सुशिक्षितांच्या मनात असतो, म्हणून तो जरा उलगडून पाहणे अस्थानी होणार नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांसाठी १९७५ साली झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम झाला. त्याअन्वये वृक्ष अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून कोणासही झाड पाडता येत नाही, मग जमीन स्वतःच्या मालकीची का असेना. शिवाय 'पाडणे' या शब्दात जाळणे, कापणे किंवा कोणत्याही रीतीने इजा करणे हे सारे येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक वर्षांच्या झाडाला वारसावृक्षाचा मान दिला, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावावीत असा दंडक घातला. याखेरीज १९६४ च्या एका कायद्याने साग, खैर, चंदन, आंबा, फणस, जांभूळ, मोह, हिरडा इत्यादी जातींची यादीच करून त्यांच्या तोडीवर नियंत्रण आणले. तेव्हा कुऱ्हाड उचलण्यापूर्वी झाड कोणते, वय किती, जागा कोणत्या हद्दीत, हे पाहणे प्रत्येकाचे काम ठरते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्याने झाड लावले, पाणी घातले, तो या कायद्याने बांधला जातो. ज्याने उभ्या जन्मात एक रोप लावले नाही तो मोकळा राहतो. पुण्य करणाऱ्यास बेडी आणि आळशास मोकळीक, हा कोठला न्याय? शिवाय अर्जाच्या खेपांना कंटाळून काही जण झाड वाढण्याआधीच उपटून टाकतात. म्हणजे रक्षणासाठी केलेला नियमच कधी कधी भक्षक ठरतो. ही गोष्ट खरी आहे, आणि परवानगी देणाऱ्यांनी तत्परता दाखवली नाही तर ती खरीच राहील. मेलेले, रोगट वा जीविताला धोका असलेले झाड काढण्यास आडकाठी करू नये असे कायद्यातच आहे. तेथे विलंब झाला तर तो दोष माणसांचा.

तथापि या आक्षेपाच्या मुळाशी एक समजूत आहे: लावणारा तो मालक आणि मालकाची सत्ता निरंकुश. ती मात्र टिकत नाही. आजोबांनी कोय पुरली तेव्हा ते साठीचे होते. त्या झाडाचा आंबा त्यांनी खाल्ला नाही. त्यांनी लावले ते नातवंडांसाठी, आणि नकळत शेजाऱ्यांसाठी, वाटसरूंसाठी, पाखरांसाठीही. मग केवळ वारशाने आलेल्या माझ्या हक्कात हे सारे वाटेकरी नाहीत असे मी कोणत्या तोंडाने म्हणावे?

आपल्याकडे हा विचार नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी जे कलम आहे, त्यात रयतेच्या आंबा-फणसांना हात लावू नये अशी ताकीद आहे. कारण ती झाडे लोकांनी अपत्यांच्या मायेने वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झालेले झाड हवे असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे. जबरदस्ती करू नये. तेथे राजाने रयतेला विचारायचे होते, आज मालकाने समाजाला विचारायचे आहे. दिशा उलटली, तत्त्व तेच राहिले: हत्यार ज्याच्या हाती त्याने आधी विचारावे. देवराईतली वाळकी काटकीही न उचलणारा गावकरी हाच प्रश्न देवाला विचारत होता.

कोणी म्हणेल, भीतीपोटी विचारण्यात नीती कसली? देवाची भीती गेली, दंडाची आली, इतकेच. हे अंशतः खरे आहे. 'मनाई आहे का?' आणि 'कोणाचे काही बिघडेल का?' हे दोन प्रश्न एक नव्हेत, आणि नीती दुसऱ्या प्रश्नात आहे. पण पहिला प्रश्न दुसऱ्याला सवड मिळवून देतो. चुकलेला हिशेब पुन्हा मांडता येतो, दुखावलेल्या माणसाची क्षमा मागता येते. तोडलेले झाड पुन्हा उभे करता येत नाही. जे कृत्य परत फिरवता येत नाही, तेथे चौकशीचा भार करणाऱ्यावरच असतो. न जाणणे हा अपराध नसेल. परंतु जाणून घेणे शक्य असता न विचारणे हा आहे.

असो. मी अर्ज केला. अधिकारी येऊन पाहून गेले, आणि कौलांवर आलेला तेवढाच भाग छाटण्याची अनुमती मिळाली. त्या दोन-तीन आठवड्यांत ध्यानी आले की त्याच फांदीच्या बेचक्यात कावळ्याचे घरटे होते. छाटणीच्या दिवसापर्यंत पिले उडून गेली होती.

परंतु समाधानाने लेखणी खाली ठेवण्याचा मला अधिकार नाही. पंचवीस वर्षांपूर्वी याच परसात एक जांभूळ होते. सडा पडतो, फरशी डागाळते, एवढ्या कारणासाठी मी ते एका सकाळी तोडवले. कायदा तेव्हाही होता. मी कोणाला विचारले नाही, आणि मलाही कोणी विचारले नाही. दंड झाला नाही, बोभाटा झाला नाही. आई घरातच होती; तिलाही विचारले नाही. ती काही बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून तिने माजघराची परसाकडली खिडकी उघडली नाही, ती थेट तिच्या अखेरपर्यंत.