मायबाप

माझी पुतणी परवा आमच्या तळवड्याच्या घरातून जांभळ्या केसांची होऊन बाहेर पडली. मुंबईला कॉमिक कॉन म्हणून चित्रकथांच्या शौकिनांचा मेळावा भरतो. हे प्रकरण आपल्याकडे २०११ साली दिल्लीत सुरू झालं. तिथे पोरंपोरी आपल्या लाडक्या पात्राचा वेश करून जातात. पाठीला पुठ्ठ्याची तलवार, अंगात चिलखत (तेही आमच्या फ्रिजच्या खोक्याचं), अशा थाटात मी तिला निगडीच्या स्टॉपवर सोडायला गेलो.

तिथे एक सद्‌गृहस्थ पुढे आले, हसले आणि "खरे आहेत का गं?" म्हणत त्यांनी तिचा टोप चक्क ओढून पाहिला.

"काका, हात लावण्याआधी विचारायचं असतं," ती शांतपणे म्हणाली. गृहस्थ कावरेबावरे झाले. आणि मी, सांगायला लाज वाटते, त्यांचीच बाजू घेतली. "अगं, कौतुक वाटलं त्यांना!"

बस यायला अवकाश होता, तेवढ्यात माझी शिकवणी झाली. न्यूयॉर्कच्या अशाच मेळाव्यात २०१४ साली ठळक पाट्या लावल्या होत्या म्हणे. वेश केला म्हणजे परवानगी दिली असं नव्हे. फोटो काढायचा तर आधी विचारा. पुण्याच्या शेजारी राहून पाट्यांना नावं ठेवणं मला शोभत नव्हतं, तरी मी म्हटलं, "अमेरिकेत लागत असतील. मराठी रसिकाला नाही लागत!"

घरी येऊन हे वाक्य मी बायकोलाही ऐकवलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, आणि चिंचवडची ती मिशी?"

झालं! वीस वर्षांपूर्वी चिंचवडला नाटक संपल्यावर मी आत शिरलो होतो. एक नामवंत नट एक बूट काढून, डोळे मिटून चहा पीत बसले होते. मी भारावून त्यांच्या मिशीला हात लावला होता. "माझीच आहे हो," ते हसून म्हणाले होते. त्या हसण्यावर मी वीस वर्षं चारचौघांत भाव खाल्ला आहे. रात्री पुतणी परतली तेव्हा तिलाही किस्सा सांगितला. तिने विचारलं, "ते हसले, म्हणजे त्यांना आवडलं होतं?"

अशा प्रश्नावर आमची पिढी बालगंधर्वांकडे धाव घेते. १२ मार्च १९११. 'मानापमान'चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली आणि तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले. मायबाप रसिकांसाठी! ही गोष्ट मी नेहमी गहिवरून सांगतो. या वेळी मात्र मध्येच अडकलो. समजा, त्या रात्री माझ्यासारखा एखादा मायबाप कौतुक करायला आत गेला असता, तर? नारायणराव त्याच्याकडेही पाहून हसले असते. आणि त्यानेही पुढे वीस वर्षं ते हसणं सांगितलं असतं.

मी शेवटचा डाव टाकला. "आपल्या शेजारी देहू. वारीत माणसं विचारून पाया पडतात का?"

"नाही," ती म्हणाली. "पण समोरचाही तुमच्या पाया पडतो ना, काका? तुमचे ते नट तुमच्या मिशीला हात लावू शकले असते का?"

मला मिशी नाही, हा मुद्दा मी काढला. तो कुणी विचारात घेतला नाही.

मागच्या रविवारी पुन्हा नाटकाला गेलो. संपल्यावर रंगपटाच्या दाराशी, बाहेरच, उभा राहिलो. नायक बाहेर आला. मी दोन्ही हात मागे बांधून म्हणालो, "आपली हरकत नसेल तर, काम आवडलं असं सांगू का?"

तो दोन पावलं मागे सरकला आणि त्याने ड्रायव्हरला हाक मारली.